धडधाकट डुकराचं काळीज

पत्र: माझ्याकडे ११ देशी डुकरं आहेत, सगळी मोकळ्यावर वाढलेली. कुंपणाच्या आत असतात, पण उघड्यावर. दिवसभर उकरतात, लोळतात, झाडाखाली झोपतात. आजवर एकालाही इंजेक्शन टोचलेलं नाही. सासरे म्हणतात, देशी डुकराला काही होत नाही. या महिन्यात तीन जनावरं कापली. आठ-नऊ महिन्यांच्या दोन नरांच्या काळजावर पांढरे ठिपके होते, दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे. तिसरी जुनी मादी, पाच वेतं झालेली. शेवटच्या वेतानंतर तिनं अंगच धरलं नाही म्हणून काढली. तिच्या काळजात लिंबाएवढी पाण्याची पिशवी निघाली आणि किडनीभोवतीच्या चरबीत पू. तिघंही शेवटच्या दिवसापर्यंत नीट खात होती. (काळीज आम्ही खाल्लं नाही, तिन्ही कुत्र्यांना घातली.) हा दोष या जातीतच आहे का? मांस खाल्लं ते चालतं ना? जात बदलावी का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात लिहिलं आहे. जात, मांस, ठिपके यांवर सावकाश बोलू. आधी कुत्र्यांना घातलेल्या काळजाचं, म्हणजे यकृताचं, बघू.

त्या जुन्या मादीची पिशवी नीट आठवून बघा. ती यकृताच्या मांसात रुतलेली होती की वरून लटकत होती? डुकराच्या यकृतावर पाण्याच्या पिशव्या मुख्यतः दोन जातींच्या मिळतात. एक पातळ, पारदर्शक, यकृताच्या किंवा आतड्यांच्या पडद्याला लोंबणारी, आणि उजेडात धरली तर आत मोत्यासारखा एकच पांढरा ठिपका दिसतो. ही माणसाला बाधत नाही. दुसरी मांसातच बसलेली, जाड पांढरट सालीची, दाबली तर टणक लागते आणि कापली तर पाणी उडतं. ही हायडॅटिड. तुम्ही ‘काळजात निघाली’ असं लिहिलंय, ‘काळजावर’ असं नाही, म्हणून माझा संशय दुसरीवर आहे. नक्की काय ते आता सांगता येणार नाही, कारण पुरावा कुत्र्यांच्या पोटात गेला.

अडचणही तीच आहे. या दोन्ही पिशव्या म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमींची, म्हणजे चपट्या फितीसारख्या जंतांची, पिल्लावळ. हायडॅटिडचा पट्टकृमी जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. कुत्र्याच्या विष्ठेत तो डोळ्याला दिसत नाही आणि कुत्रंही खडखडीत असतं. त्याची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, डुक्कर माती उकरताना ती गिळतं, यकृतात किंवा फुप्फुसात पिशवी वाढते. ती पिशवी कच्ची कुत्र्याला मिळाली की चाक पूर्ण फिरलं. साधारण सहा-सात आठवड्यांत ते कुत्रं नवी अंडी टाकायला लागतं. माणूस या चाकात चुकून सापडतो, आणि तोही डुकराकडून नव्हे, कुत्र्याकडून. अंडी कुत्र्याच्या केसांना, तोंडाला चिकटलेली असतात. पोरं त्याला कुरवाळतात आणि तोच हात तोंडात जातो. माणसाच्या यकृतात ती पिशवी वर्षानुवर्षं गाजावाजा न करता वाढते.

म्हणून पहिलं काम: ज्या कुत्र्यांनी ती काळजं खाल्ली त्यांना या आठवड्यातच पशुवैद्याकडून प्राझिक्वान्टेल द्या. नुसतं ‘जंताचं औषध’ मागू नका. कुत्र्यांना सर्रास दिली जाणारी काही औषधं गोल जंतांवर चालतात, या पट्टकृमीवर नाही. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्री बांधून ठेवा आणि त्यांची विष्ठा गोळा करून जाळा किंवा खोल पुरा, कारण औषधानं कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. पुढे दर सहा आठवड्यांनी हेच औषध चालू ठेवायचं की कसं, ते पशुवैद्याला विचारा. डुकराचं कुठलंही आतलं अवयव कच्चं कुत्र्यापुढे टाकणं आजपासून बंद. द्यायचंच असेल तर तुकडे करून चांगलं अर्धा तास उकळून द्या, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतकं खोल पुरा. आणि घरात कुणाच्या उजव्या बरगडीखाली जड वाटत असेल तर ‘अपचन असेल’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना कुत्र्या-डुकरांचं सांगून सोनोग्राफी करून घ्या. घाबरवत नाही. डॉक्टरला आपणहून हे सुचायचं नाही, म्हणून सांगायला हवं.

आता ते दुधाचे शिंतोडे. उपमा तुम्हाला छान सुचली. पशुवैद्यकातही या ठिपक्यांना दुधाचे डागच म्हणतात. हे डुकराच्या मोठ्या गोल जंताचं काम. गिळलेल्या अंड्यातून आतड्यात अळी निघते आणि तिथंच न थांबता रक्तातून यकृतात, यकृतातून फुप्फुसात जाते. तिथून खोकल्याबरोबर घशात येते, गिळली जाते आणि परत आतड्यात पोचते. तिथं वाढून फूटभर लांबीचा जंत होतो. एवढा फेरफटका ही अळी का मारते, हे कोडं मला अजून गमतीचं वाटतं. पण यकृतातून जाताना ती वाट पोखरत जाते आणि तिच्यामागे वण भरतो. पांढरा ठिपका म्हणजे तो वण.

यातली एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. हे ठिपके साधारण महिना-दीड महिन्यात विरून जातात. म्हणजे कापताना ठिपके दिसले तर ते जनावर गेल्या काही आठवड्यांतच अंडी गिळत होतं. ठिपके जुन्या दुखण्याची खूण नाहीत, ताजी पावती आहेत. आणि उलटही खरं. ज्या जुन्या मादीच्या यकृतावर ठिपके नव्हते, तिला कधी जंत झालाच नाही असं नाही. मोठ्या जनावरांचं शरीर अळीला आतड्याच्या भिंतीतच अडवायला शिकलेलं असतं. खरा मार पिल्लांना बसतो.

एक मादी जंत दिवसाला दोन लाखांहून जास्त अंडी घालते. त्यांचं कवच इतकं चिवट की सावलीच्या ओलसर मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. फिनाइल ओतून त्यांचं काही वाकडं होत नाही. ती मरतात उकळत्या पाण्यानं, वाफेनं आणि कोरड्या कडक उन्हानं. पण त्यांची एक कमजोरी आहे आणि तीच आपल्या कामाची: ताज्या विष्ठेतलं अंडं लगेच लागण करत नाही. आत अळी तयार व्हायला उबदार हवेतसुद्धा काही आठवडे लागतात. डुकरं घाणेरडी म्हणून बदनाम आहेत खरी, पण मोकळी असली की ती झोपायची आणि हागायची जागा वेगळी ठेवतात. तुमच्या कुंपणातला तो कोपरा तुम्हाला नक्की माहीत असणार. आठवड्यातून दोनदा तो फावड्यानं साफ केलात, तर अंडी पिकायच्या आत बाहेर जातात. ती घाण भाजीच्या वाफ्यात मात्र टाकू नका. हाच जंत माणसालाही होऊ शकतो.

किडनीजवळचा पू ही या तिघांतली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. शेवटच्या वेतानंतर मादीनं अंग धरलं नाही, खाणं मात्र चालू होतं, हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. उष्ण, दमट हवेत मोकळ्यावरच्या डुकरांना मूत्रपिंडाचा जंत होतो. त्याची अळी कातडीतून शिरते किंवा तोंडावाटे जाते, गांडूळ खाल्लं तरी जाते. मग यकृतात महिनोन्महिने भटकून ते निबर करून सोडते. शेवटी मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीत आणि मूत्रनळीच्या कडेला घर करते. मूत्रपिंडाभोवतीची चरबी बोटानं सावकाश फोडत गेलं की आत बोगद्यासारखी पोकळी लागते, तीत हिरवट पू, आणि पुवात तीन-चार सेंटिमीटरचे जाडसर, काळे-पांढरे चट्टे असलेले जंत, बहुतेक जोडीनं. त्यांची आतडी कातडीतून दिसतात म्हणून ते असे कबरे वाटतात. एकदा पाहिलेत तर विसरणार नाही. तुम्ही पू पाहिलात, पण बोट घातलं नसणार. साहजिक आहे. किडनीत नुसती स्वच्छ पाण्याची लहान पिशवी दिसली असती तर मी म्हटलं असतं, काळजी नको, डुकरांत ती जन्मजातही असते. पू वेगळा.

या जंताची अंडी विष्ठेत येत नाहीत, लघवीत येतात. आणि अळी शिरल्यापासून अंडी पडायला नऊ महिने ते वर्षापेक्षाही जास्त वेळ जातो. ही संथ चाल आपल्या पथ्यावर पडते. आठ-नऊ महिन्यांच्या डुकराकडून हा जंत पसरत नाही, पसरवतात त्या जुन्या माद्या आणि जुना नर. तेव्हा वयानं मोठी जनावरं आणि पिल्लं एकाच चिखलात लोळणं बंद करा. तुमच्या बाकीच्या जुन्या माद्यांची सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरून पशुवैद्याकडे न्या, गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की उत्तर मिळतं. (मादीला उठवायच्या आधी बाटली हातात तयार ठेवा. उठल्या उठल्या ती मोकळी होते आणि दुसरी संधी बराच वेळ देत नाही.) या जंताची अंडी आणि अळ्या गोल जंताइतक्या चिवट नसतात, ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही. झोपायच्या झाडाखालची ती कायमची ओली सावली त्यांचं माहेर आहे. तिथल्या फांद्या छाटा, चर काढून पाणी वळवा, निजायची जागा उंचावर कोरडी करा. सावली डुकराला हवीच, त्याला घाम येत नाही. पण सावली कोरडी असू शकते.

फुप्फुसांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे कुणी बघितली नसणार. पुढच्या वेळी फुप्फुसाचं मागचं, खालचं टोक कापून चिमटीत दाबा. शेंबडाबरोबर पांढरे दोऱ्यासारखे, चार-पाच सेंटिमीटरचे जंत बाहेर आले तर तो फुप्फुसकृमी. त्याला गांडूळ लागतंच, गांडुळाशिवाय तो डुकरात पोचू शकत नाही. सिमेंटच्या गोठ्यातल्या डुकरांना म्हणून तो जवळजवळ होत नाही आणि तुमच्यासारख्यांच्या डुकरांना होतो. हृदय आणि जीभही बघा. तिथल्या मांसात तांदळाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्या पांढरट, पाणीदार गाठी दिसल्या, तर तो माणसाच्या पट्टकृमीचा प्रकार. असं डुक्कर खायचं नाही, विकायचं नाही, पशुवैद्याला दाखवायचं. आणि मग तपासणी माणसांची करायची, कारण त्या गाठी डुकरात येतात त्या माणसाच्या विष्ठेतून. उघड्यावर शौचाला बसलेल्या जागेपर्यंत डुकरं पोचत असतील तर तो रस्ता आधी बंद करा.

आता तुमचे प्रश्न. जातीचा दोष नाही. संकरित डुकरं याच जमिनीवर सोडलीत तर त्यांच्या यकृतावरही हेच ठिपके उठतील, आणि बहुधा ती देशीपेक्षा लवकर खंगतील. देशी डुक्कर काटक असतं हे सासऱ्यांचं म्हणणं खरं आहे. गोची अशी की काटक म्हणजे निरोगी नव्हे. काटक जनावर रोग झाला तरी तोंड पाडून बसत नाही, एवढंच. यकृताचा मोठा भाग बिघडला तरी उरलेला भाग गाडा ओढतो. एक मूत्रपिंड गेलं तर दुसरं निभावून नेतं. देशी डुक्कर मुळातच हळू वाढतं, त्याला कुणी वजनकाट्यावर घालत नाही, मग जंतांनी दोन महिन्यांची वाढ खाल्ली तरी कळणार कसं?

आणि हे फक्त तुम्हालाच कळलं नाही असं नाही. कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत मी अशाच एका मोकळ्या कळपाला ‘निरोगी’ असा शेरा लिहून दिला होता. विष्ठेचे नमुने तपासले, एकाही नमुन्यात अंडं नव्हतं, पिल्लं टुणटुणीत. आठवडाभरानं मालकानं त्यातलंच एक कापलं आणि यकृत पाटीत घालून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. ठिपके मोजता येईनात. तो काही बोलला नाही, ते जास्त लागलं. चूक साधी होती: अंडी घालतो तो आतड्यातला वाढलेला जंत, आणि यकृत पोखरते ती अळी. अंडं गिळल्यापासून विष्ठेत नवी अंडी दिसेपर्यंत सहा ते आठ आठवडे जातात, त्या काळात विष्ठेची तपासणी कोरीच येणार. तेव्हापासून मी डुकरं पाळणाऱ्यांना म्हणतो, विष्ठा जरूर तपासा, पण कापलेल्या प्रत्येक जनावराचं यकृत बघितल्याशिवाय जमिनीबद्दल मत बनवू नका.

मांसाचं म्हणाल तर ठिपक्यांचं यकृत टाकलंत ते ठीक, बाकी मांसाला त्यानं बाधा येत नाही. हायडॅटिडची पिशवी असलेला अवयव टाकायचा, पण ती खाल्ल्यानं माणसाला हायडॅटिड होत नाही. पुवाजवळचा भाग आजूबाजूच्या चरबीसकट मोठा कापून काढायला हवा होता. पण तुम्ही खाल्लेलं मांस पूर्ण शिजलेलं असेल तर आता त्याची धास्ती घेऊ नका. मोकळ्या डुकराचं मांस आतून गुलाबी राहता कामा नये, हा नियम मात्र कायमचा. कापताना हातमोजे घाला, विशेषतः मूत्रपिंडं हाताळताना. डुकराच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हा जीवाणू माणसाच्या हातावरच्या साध्या चिरेतूनही शिरतो, आणि डुकरात तो असला तरी बाहेरून काही दिसत नाही. गाभण माद्या शेवटच्या महिन्यात गर्भ टाकायला लागल्या, तेव्हाच कुठे शंका येते.

औषधाबद्दल थोडं. गोल जंत, फुप्फुसकृमी आणि मूत्रपिंडाचा जंत, तिन्हींवर आयव्हरमेक्टिन चालतं. डुकराला ते किलोमागे ३०० मायक्रोग्रॅम कातडीखाली देतात. फेनबेन्डॅझॉल खाण्यातून काही दिवस देणं हा दुसरा मार्ग. कुठलं, कधी, किती हे पशुवैद्यानं ठरवू दे. फक्त अंदाजपंचे डोस देऊ नका, कमी डोस म्हणजे जंतांना औषध पचवायची शिकवणी. काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३ म्हणजे साधारण किलो. घेर ०.९ आणि लांबी १ मीटर भरली तर ५६ किलो. पोट सुटलेल्या ठेंगण्या देशी डुकरात हा हिशोब थोडा चुकतो, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा बराच बरा. औषध दिल्यावर किती दिवस कापायचं नाही ते बाटलीवर लिहिलेलं असतं. ती तारीख भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका.

व्यायच्या दहा-पंधरा दिवस आधी मादीला औषध द्या. मग साबणाच्या कोमट पाण्यानं तिला धुवा, सडांपासून पोटापर्यंत नीट घासून, आणि धुतल्यावरच व्यायच्या जागी न्या. जंताची अंडी चिकट असतात. पिल्लू पहिलं दूध ओढतं तेव्हा सडावरची माती दुधाबरोबर पोटात जाते. या एका धुण्यानं जेवढा फरक पडतो तेवढा दोन इंजेक्शनांनी पडत नाही असं माझं मत आहे, आणि याला पैसेही लागत नाहीत. दूध तुटलेल्या पिल्लांना कुंपणातली सगळ्यात ताजी जमीन द्या, जिथं डुकरं बरेच दिवस फिरलेली नाहीत. जुन्या जमिनीवर पीक घेता येत असेल तर नांगरून घ्या. दोन महिने मोकळी ठेवली की जमीन साफ होते, या समजात राहू नका. गोल जंताच्या बाबतीत दोन महिने म्हणजे काहीच नाही.

बुरशी लागलेलं धान्य ‘डुकरांना चालतं’ म्हणून टाकत असाल तर तेही थांबवा. बुरशीचं विष जंताशिवायही यकृत पिवळं आणि कडक करतं. दोष मात्र जंतांच्या माथी जातो.

एकच ठिकाण असं आहे जिथं आत बघायचं नाही. दोन-चार दिवसांत एकापाठोपाठ एक जनावरं तापानं मेली, कान-पोट जांभळं पडलं, किंवा एखादं अचानक मरून नाकातोंडातून न गोठणारं रक्त आलं, तर सुरी लावू नका. मांस वाटू नका, मेलेलं हलवू नका. आधी सरकारी पशुवैद्याला कळवा. तापानं पटापट मरणं हा आफ्रिकन स्वाइन फीवर असू शकतो. तो माणसाला होत नाही, पण सांडलेल्या रक्तातून सगळा कळप संपवतो. आणि न गोठणारं रक्त ही काळपुळीची (अँथ्रॅक्सची) खूण असू शकते, ती माणसालाही मारते.

सासऱ्यांशी वाद घालू नका. पुढचं जनावर कापाल तेव्हा त्यांनाच बोलवा. यकृत पाण्यानं धुऊन पांढऱ्या ताटात उजेडाला ठेवा, दोन्ही बाजू बघा, ठिपके त्यांनाच मोजायला सांगा. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, त्यावर तारीख आणि ते जनावर कुठल्या कोपऱ्यात वाढलं ते लिहा. मूत्रपिंडाची चरबी हातमोजा घालून बोटानं फोडा. तीन-चार जनावरांचे असे फोटो झाले की मला पाठवा. आणि हे सगळं चालू असताना कुत्री बांधलेली असू देत.